डावीकडचा एक आणा

मोठी माणसे काय काम करतात हे लहान मुलांना समजावून देणे सोपे असते. शिकून मोठी झालेली मुले काय काम करतात हे त्यांच्या जुन्या मास्तराला समजावून देणे मात्र फार अवघड जाते. हा अनुभव मला मागच्या दिवाळीत आला.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. ओसरीवर बसून मी आकाशकंदिलाच्या काड्या बांधीत होतो. फाटकाशी एक मुलगी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सर, ओळखलंत का?"

पंचवीस वर्षे नोकरी झालेल्या मास्तराने या प्रश्नाला "वा, न ओळखायला काय झालं!" असे उत्तर द्यावे आणि मग बोलता बोलता नाव काढून घ्यावे, असा आमच्या धंद्यातला शिरस्ता आहे. या खेपेस तो पाळण्याची गरज पडली नाही. मी तिला तत्काळ ओळखले. काही विद्यार्थी हुशारीमुळे लक्षात राहतात, काही खोड्यांमुळे. ही माझ्या लक्षात राहिली होती ती माझ्याच एका चुकीमुळे. पण ते पुढे सांगतो.

माझी शाळा जिंतूर तालुक्यातल्या एका गावी आहे. मी तिथे चित्रकलेचा मास्तर. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, आणि वर चित्रकला शिकवण्याची पदविका. "बनी तो बनी, नहीं तो परभणी" अशी आमच्याकडे एक जुनी म्हण आहे. मुंबईला जाऊन मोठा चित्रकार होण्याचे काही बनले नाही, तेव्हा परभणी जिल्हा होताच! फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. दोन छापून आल्या, आणि त्यांच्या उरलेल्या प्रती कपाटाच्या खालच्या खणात सुखरूप आहेत.

चहा झाल्यावर मी विचारले, "हल्ली काय करतेस तू?"

"संशोधन करते, सर. गणितात."

"म्हणजे नेमकं काय करतेस?"

ती क्षणभर थांबली. लहान मूल अवघड काही विचारू लागले म्हणजे आपण थांबतो ना, तशी. मग म्हणाली, "वर्गमूळ काढते."

मला हसूच आले. "अगं, वर्गमूळ तर आम्हीही काढीत होतो!"

"अनंत कोष्टकाचं वर्गमूळ, सर," ती म्हणाली. यावर माझे हसू जिथल्या तिथे राहिले.

वर्गमूळ म्हटले की मला माझे आजोबा आठवतात. ते निजामाच्या राज्यातले. कचेरीत उर्दू, घरात मराठी आणि बाजारात हाली सिक्का. हाली रुपया निराळा, पण आणे त्याचेही सोळाच. संध्याकाळी दिवा लागला की ते मला समोर बसवीत आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे पाढे म्हणवून घेत. औटकीपाशी माझी गाडी हटकून अडे. पाढे संपले की वर्गमूळ. आकड्यांच्या उजवीकडून दोनदोनच्या जोड्या पाडायच्या, आणि मग भागाकारासारखे एकेक घर खाली उतरत जायचे. आपल्याकडे ही रीत किती जुनी! आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये वर्गमूळ काढण्याचा नियम एका आर्येत बसवला आहे.

दुसरी रीत मला त्या मुलीने दाखवली, आणि मला ती अधिक आवडली. कारण तिच्यात चूक करायला परवानगी आहे. दोनचे वर्गमूळ हवे ना? खुशाल एक अंदाज करा. समजा, दीड. आता दोनला दीडने भागा. येतात एक आणि एक तृतीयांश. खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे, कारण एक जास्त आहे आणि दुसरा कमी. तेव्हा दोहोंचा बरोबर मध्य घ्या: १७/१२. याचा वर्ग २८९/१४४. दोन म्हणजे २८८/१४४. चूक केवळ एका अंशाची! पुन्हा तोच खेळ करा. आता उत्तर येते ५७७/४०८. ५७७ चा वर्ग ३,३२,९२९, आणि ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३,३२,९२८. पुन्हा एकाचाच फरक, पण तो आता सव्वातीन लाखांहून अधिक अंशांतला एक.

ही रीत अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने पहिल्या शतकात लिहून ठेवली आहे. पण गंमत अशी की ५७७/४०८ हाच अपूर्णांक आपल्या बौधायनाच्या शुल्बसूत्रात कितीतरी आधी आलेला आहे. यज्ञाची वेदी आखणाऱ्यांना चौरसाचा कर्ण हवा असे. तेव्हा बाजू घ्या, तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्याचा चौथा मिळवा, आणि या चौथ्याचा चौतिसावा भाग वजा करा, असे तिथे सांगितले आहे. शेवटी वजा केलेला तो इवलासा तुकडा म्हणजे दुरुस्ती. अंदाज चुकला तर बिघडत नाही. दुरुस्ती तेवढी प्रामाणिक हवी. एवढे मला कळले, आणि मॅट्रिक माणसाला एका सकाळी एवढे कळणे काही थोडे नव्हे.

"पण कोष्टकाचं वर्गमूळ म्हणजे काय?" मी विचारले. "आणि ते अनंत कसं?"

तिने माझ्या कंदिलाच्या कागदाचा एक तुकडा ओढून घेतला, पेन्सिल उचलली आणि म्हणाली, "फराळाच्या ताटांची गल्ली घ्या, सर. तुम्हीच तर शिकवली होती."

माझ्या छातीत धस्स झाले.

वाचकहो, ही फराळाच्या ताटांची गल्ली तुम्हालाही पाहिली पाहिजे. ती समजायला गणित फारसे लागत नाही. ज्या घरी दिवाळीला शेजारी ताट जाते आणि शेजारून येते, त्या घरातल्या कुणालाही ती समजेल.

एक लांबच लांब गल्ली आहे. तिच्या एका टोकाला मारुतीचे देऊळ. देवळाला लागून पहिले घर, मग दुसरे, मग तिसरे. गल्लीला दुसरे टोक नाही. घरे चालली आहेत ती चाललीच आहेत. देवळाकडची बाजू डावी समजा. आता कुठल्याही एका घरात एक ताट फराळ केला. ते ताट म्हणजे सोळा आणे. नियम असा की पहिल्या दिवशी निम्मे घरी ठेवायचे, पाव हिस्सा उजव्या शेजाऱ्याला आणि पाव हिस्सा डाव्या शेजाऱ्याला द्यायचा. म्हणजे आठ आणे घरात, चार उजवीकडे, चार डावीकडे. दुसऱ्या दिवशी ज्याच्या ज्याच्याकडे जे काही असेल त्याची त्याने पुन्हा तशीच वाटणी करायची. दोन दिवसांनी ते ताट कुठे कुठे पोचले?

गल्लीच्या मधले कुठलेही घर घेऊन हिशेब करा. मूळ घरी सहा आणे राहतात, दोन्ही शेजाऱ्यांकडे चार चार, आणि त्यांच्यापलीकडच्या घरी एकेक. एक, चार, सहा, चार, एक. बेरीज सोळा. प्रत्येक घरासाठी अशी एकेक ओळ लिहीत गेले की कोष्टक तयार होते. घरे अनंत, म्हणून ओळीही अनंत. पण त्यात घाबरण्यासारखे काही नाही. कारण प्रत्येक ओळ तीच, फक्त एकेक घर पुढे सरकलेली. एक ओळ पाठ झाली की सारे कोष्टक पाठ.

एका दिवसाच्या वाटणीचे कोष्टक एक, आणि दोन दिवसांच्या वाटणीचे कोष्टक दुसरे. एकच वाटणी दोनदा केली म्हणून दुसरे कोष्टक हा पहिल्याचा वर्ग. आता प्रश्न उलटा घाला. दोन दिवसांनंतर कोणाकडे किती होते हे कोष्टक तुमच्या हाती आहे. एका दिवसाचा नियम काय होता, तो शोधून काढा. जो नियम दोनदा लावला असता हे कोष्टक मिळते, ते त्याचे वर्गमूळ!

हे मी आता मोठ्या डौलाने सांगतो आहे. पण २००८ सालच्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या सुटीआधीच्या शेवटच्या दिवशी, जेव्हा मी ही गल्ली आठवीच्या वर्गात फळ्यावर काढली, तेव्हा मला वर्गही ठाऊक नव्हता आणि मूळही. गणिताचे शिक्षक रजेवर होते, आणि रिकाम्या तासावर मला धाडले होते. मुले सुटीच्या तोंडावर होती. काहीतरी करमणूक हवी म्हणून मी आजोबांची पावकी-निमकी काढली आणि तिच्यात फराळ कालवला. आणे-पैशांचा व्यवहार १९५७ साली दशमान नाणी आली तेव्हाच गेला होता. पण चार आणे, आठ आणे हे शब्द तोवर मुलांच्या तोंडी होते. एक, चार, सहा, चार, एक असे जमले तेव्हा वर्गाने बाके वाजवली. क्षणभर मला वाटले, देवळालीचे कापरेकर मास्तर, ज्यांना १९४९ साली ६१७४ या संख्येची जादू सापडली, त्यांच्यानंतर आता आपलाच नंबर!

मग माझ्यातला चित्रकलेचा मास्तर जागा झाला. मी म्हटले, याची नक्षी करा. चौकटी आखा. जिथे एक आणा तिथे पिवळा, जिथे चार तिथे केशरी, जिथे सहा तिथे लाल. सारे कागद तिरप्या पट्ट्यांनी भरून जातील, पैठणीच्या काठासारखे! मुले कामाला लागली, आणि मी बाकांमधून हिंडू लागलो.

शेवटच्या बाकावर एका मुलीचा कागद सर्वांत नेटका झाला होता. पट्ट्या सरळ, रंग कुठे ओघळलेला नाही. पण डाव्या वरच्या कोपऱ्यातली पहिलीच चौकट तिने लाल केली नव्हती. तिथे तिने लाल आणि केशरी मिसळून एक निराळाच रंग भरला होता, आणि त्यात बारीक अक्षरात पाच लिहिले होते.

"हा डाग कसला?" मी विचारले.

"सर, पहिल्या घराला डावीकडं कुणीच नाही," ती म्हणाली. "तिकडून एक आणा परत येत नाही. म्हणून पाच."

तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. पहा ना. मधल्या कुठल्याही घरी सहा आणे कसे जमतात? घरी ठेवलेल्या आठांपैकी चार दुसऱ्या दिवशी घरीच राहतात. उजव्या शेजाऱ्याला दिलेल्या चारांपैकी एक परत येतो, आणि डाव्या शेजाऱ्याला दिलेल्या चारांपैकी एक. चार, एक आणि एक मिळून सहा. पहिल्या घराच्या डावीकडे देऊळ. तिकडे गेलेले चार आणे मारुतीच्या पायाशी राहिले. देव काही वाटणी करून परत पाठवीत नाही. म्हणून तिथे चार आणि एक, पाचच.

हे मी तेव्हा पाहिले नाही. मी नक्षी पाहिली. सबंध कागदावर एकच चौकट बेसूर दिसत होती, आणि पाचासाठी तर मी रंगच सांगितला नव्हता. मी लाल पेन्सिलीने त्या चौकटीवर फुली मारली आणि म्हणालो, "नक्षीत सगळ्या ओळी सारख्या हव्यात. सहा कर."

तिने काही वाद घातला नाही. तिने त्यावर लाल रंग भरला. मी दहापैकी दहा गुण दिले, आणि तो कागद सुटीनंतर कितीतरी दिवस शिक्षकांच्या खोलीत भिंतीवर होता. आल्यागेल्याला मी तो कौतुकाने दाखवी.

आता जे सांगायचे ते एका वाक्यात सांगतो. ती मुलगी ओढ्यापलीकडच्या वस्तीतली होती, तिचे घर वस्तीच्या अगदी कडेला होते, आणि गावातली फराळाची ताटे ओढा ओलांडत नसत. हे मला ठाऊक होते. गावात सगळ्यांनाच ठाऊक होते. डावीकडून काही परत येत नाही, हे तिला कोष्टकावरून शिकावे लागले नव्हते.

पुढे ती शिकली. परभणीला, मग पुण्याला, आणि मग देशाबाहेर. अधूनमधून तिची बातमी कानी येई, आणि दर वेळी मला ती चौकट आठवे. आणि आता तीच मुलगी माझ्या ओसरीवर बसून मला तीच गल्ली समजावून देत होती.

"आमचं सारं काम या कोपऱ्याचंच आहे, सर," ती म्हणाली.

तिच्याकडून जे कळले ते असे. ज्या कोष्टकात तिरप्या ओळीने पाहिले असता तोच तो आकडा दिसतो, त्याला ओटो टोप्लिट्झ या जर्मन गणितज्ञाचे नाव आहे. हा गृहस्थ १८८१ साली ब्रेस्लाउला जन्मला. हान्स राडेमाखर यांच्याबरोबर त्याने १९३० साली सामान्य वाचकांसाठी संख्या आणि आकृती यांवर एक पुस्तक लिहिले. म्हणजे माझ्यासारख्यांचीही त्याला आठवण होती. तो बॉन विद्यापीठात प्राध्यापक होता. पण ज्यू म्हणून १९३५ साली त्याला तिथून काढले. १९३९ साली तो जेरुसलेमला गेला, आणि पुढच्याच वर्षी वारला. सगळीकडे एकच नियम चालणाऱ्या कोष्टकांचा अभ्यास करणाऱ्या माणसाला त्याच्या देशाने सांगितले की आमच्या नियमात तू बसत नाहीस! हे ऐकून मी कंदिलाची काडी उगाच मोडून टाकली.

टोप्लिट्झच्या कोष्टकांत एक अडचण आहे, आणि ती आपल्या गल्लीत दिसतेच. एका दिवसाचे कोष्टक अगदी निर्दोष आहे. पहिल्या घरापासून पुढे प्रत्येक तिरप्या ओळीत तोच आकडा. पण त्याचा वर्ग करा, की कोपऱ्यात सहाच्या जागी पाच उपजतो. दोन नियमित कोष्टकांच्या गुणाकारात कोपरा वेगळा पडतो, तो कुणाच्या चुकीने नव्हे. गल्लीला एक टोक आहे, म्हणून.

मग अशा अनंत कोष्टकाचे वर्गमूळ यंत्राने काढायचे कसे? यंत्राची वही काही अनंत नाही. पहिला विचार मनात येतो तो असा, की हजार घरे घ्यावी आणि पुढची गल्ली तोडून टाकावी. पण तोडले की हजाराव्या घराला उजवा शेजारी उरत नाही. जिथे वेस नव्हती तिथे आपण वेस उभी केली! आणि मग त्या खोट्या वेशीपाशी आकडे खोटे बोलू लागतात.

म्हणून गणिती दोन वह्या ठेवतात. एका वहीत गल्लीच्या मधला नियम: एक, चार, सहा, चार, एक. तो एकदाच लिहायचा, कारण तो सगळीकडे तोच. दुसऱ्या वहीत फक्त कोपरा. पहिल्या काही घरांत नियमाहून कमीजास्त किती, एवढेच. आपल्या गल्लीत दुसऱ्या वहीत एकच नोंद आहे: पहिल्या घरी एक आणा कमी. अशा दोन वह्यांच्या जोडीची बेरीज करता येते, गुणाकार करता येतो, जमण्याजोगा असेल तर भागाकारही. आणि उत्तर पुन्हा दोन वह्यांतच बसते. मग तीच जुनी रीत लावायची. वर्गमुळाचा एक अंदाज करा, दिलेल्या कोष्टकाला त्याने भागा, दोहोंचा मध्य घ्या, पुन्हा भागा. दीडावरून ५७७/४०८ वर जसे आलो, तसेच. इटलीत पिसा इथे दारिओ बिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन वह्यांचे हिशेब यंत्राकडून करवून घेण्याच्या रीती बसवल्या आहेत.

"याचा उपयोग काय गं?" मी मास्तरी प्रश्न विचारला.

"रांगा, सर. रेशनच्या दुकानासमोरची रांग. एक माणूस येतो, एक जातो. रांगेत पाच असोत की पन्नास, नियम तोच. पण रांगेत कुणीच नसलं तर? शून्यातून कुणाला काढणार? तिथं नियम बदलतो. रांग किती वाढेल, माणसाला किती थांबावं लागेल, हा हिशेब करताना तो कोपरा विसरला की उत्तर चुकतं. दूरध्वनीच्या निरोपांच्याही अशाच रांगा असतात."

ती गेल्यावर मी कपाट उघडले. त्या कपाटावरून आमच्या घरी दर दिवाळीला तंटा होतो. सौ.चे म्हणणे, त्यातला कचरा रद्दीत द्यावा. माझे म्हणणे, तो कचरा नसून मुलांची चित्रे आहेत. त्या रात्री मी सारे कपाट ओसरीवर उपसले. सौ. दारात उभी राहून म्हणाली, "बाई, आज सूर्य कुठं उगवला!" मध्यरात्रीच्या सुमारास तो कागद हाती लागला. लाल रंग विटला होता. दिव्यासमोर धरला तर पहिल्या चौकटीत रंगाखालून पेन्सिलीचा पाच अजून स्पष्ट दिसत होता, आणि त्यावर माझी फुली.

खरे सांगतो, त्या रात्री मला माझ्या दोन कादंबऱ्याही आठवल्या. दोन्हींत गाव आहे, गावात माणसे आहेत, आणि कथानकाला कुठे बोट लावायला जागा नाही. ओढ्यापलीकडची वस्ती दोन्हींत एकेका वाक्यात उरकली आहे. नक्षी बिघडू नये म्हणून!

नरकचतुर्दशीला ती फराळाला आली. मी तो कागद तिच्यापुढे ठेवला आणि जे सांगायचे ते सांगितले. चाळिशी उलटलेल्या मास्तराला जुन्या विद्यार्थिनीपुढे "माझी चूक झाली" असे म्हणायला किती वेळ लागतो हे मी इथे लिहीत नाही.

तिने कागद उजेडाकडे धरून पुष्कळ वेळ पाहिला. मग म्हणाली, "मला हे आठवत नाही, सर. गल्ली आठवते, रंग आठवतात. फुली नाही आठवत."

माझा जीव भांड्यात पडला म्हणावे, तर तसे झाले नाही. ती विसरली म्हणून घडलेले घडले नाही असे होत नाही. मी गप्प बसलेला पाहून तिने विषय गणिताकडे वळवला. शहाणी मुलगी!

"पाच ठेवले असते तर वर्गमूळ अगदी साधं निघालं असतं," ती म्हणाली. "आठ आणे घरात, चार उजवीकडं, चार डावीकडं. दुसऱ्या वहीत काहीच लिहावं लागलं नसतं."

"आणि हे सहा केल्यावर?"

"सहा केलं तरी वर्गमूळ निघतं, सर. कोष्टक काही मोडत नाही. पण मग मुळाच्या कोपऱ्यात दुरुस्ती करावी लागते. पहिल्या घरात, दुसऱ्यात, तिसऱ्यात. आत जावं तशी ती कमी कमी होत जाते."

"कितव्या घरात संपते?"

"संपत नाही," ती म्हणाली. "मोजता येणार नाही इतकी बारीक होते. पण कुठल्याच घरानंतर अगदी शून्य होत नाही. तसं सिद्ध करता येतं."

हे ती अगदी सहज बोलली, जणू हवामान सांगावे तशी. मला मात्र त्यावर काही बोलता आले नाही. एका चौकटीत मी एक आणा वाढवला होता. नक्षी नीट दिसावी एवढ्याचसाठी. त्याची भरपाई सबंध गल्लीला करावी लागते, हे मला आज कळत होते.

ती निघाली तेव्हा सौ.ने तिच्या आईसाठी एक ताट भरले. चकल्या, शंकरपाळे, बेसनाचे लाडू, वर क्रोशाचा रुमाल. "थांब," मी म्हटले, "मी घेतो." ती नको नको म्हणत असताना मी ते ताट उचलले आणि तिच्याबरोबर चालू लागलो. सोयाबीन निघून गेलेली रिकामी काळी राने, कडेला कापसाची फुटलेली बोंडे, ओढ्यात घोट्याएवढे पाणी. पंचवीस वर्षे मी या गावात नोकरी करतो आहे. आमच्या घरचे ताट ओढा ओलांडून गेले ते त्या दिवशी पहिल्यांदा. पलीकडे जायला मला चार मिनिटे लागली.

भाऊबिजेच्या सकाळी तिची आई आमच्या दारी आली. रिकामे ताट परत पाठवू नये, ही रीत तिच्याकडेही आहे. ताटात करंज्या होत्या. सौ.ने त्यांना बसवून घेतले, आणि बराच वेळ दोघी आत बोलत होत्या.

एका ताटाने हिशेब पुरा झाला, असे मी समजत नाही. ओढ्यापलीकडे घरे पुष्कळ आहेत, आणि अलीकडेही. पण दुसरी वही आता उघडली आहे. तो कागद मी पुन्हा कपाटात ठेवला नाही. चौकट करून माझ्या चित्रकलेच्या वर्गात लावला आहे. लाल रंगासकट आणि फुलीसकट. मुले विचारतात, "सर, या कोपऱ्यात काय चुकलंय?" मी त्यांना फळ्यावर गल्ली काढून देतो आणि हिशेब करायला सांगतो. रंग कुठला भरायचा ते मात्र सांगत नाही.